उजेडाच्या मधे

बाबा जन्मापासून आंधळे, पण वेताच्या खुर्च्या विणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अंधाराचं त्यांना भय नव्हतं. "पोरी, अंधार दिसायलाही डोळे लागतात," ते हसून म्हणायचे.

त्या दिवशी भर दुपारी, उघड्या खिडकीशी विणताना त्यांची बोटं थांबली.

"मधे उभी राहू नकोस गं. अंधार पडतोय."

मुलगी मागे दाराशी होती. 

"बाबा, मी इथे आहे."

बाबांच्या हातातून वेत निसटला. "मग माझ्यासमोर कोण आहे?"

खिडकीशी कुणीच नव्हतं. बराच वेळ दोघंही हलली नाहीत.

"सरकला बाजूला," म्हणत बाबांनी हळूच श्वास सोडला.

त्याच क्षणी मुलीला आधी खिडकी दिसेनाशी झाली, मग बाबा.