रोज थोडं आणखी

चंद्रावरच्या वस्तीत सुमंगलाकाकूंइतकं जपून कुणी राहत नसे. हवा निसटेल या धास्तीने त्या बाहेरच्या दाराचे बोल्ट रोज सकाळी थोडे आणखी आवळत. आज तपासणीला आलेल्या शेवंताने दाराच्या कडेला बसवलेल्या रबरावर नख दाबलं. ते रुतलंच नाही.

“काकू, दार आहे की लोणच्याची बरणी? रबर बेताने दाबलं तरच फटी भरतं. तुम्ही चेपून चेपून त्याचा दगड केलात.”

“मग सैल कर ना!”

“आता ते परत फुगायचं नाही.”

शेवंताने ओढणीचा सुटा दोरा दाराच्या कडेशी धरला. तो सरळ फटीकडे ओढला गेला; हवा बाहेर निसटत होती. तिची थट्टा तिथेच संपली.

“काकू, हे आवळणं आणखी कुणाला शिकवलंत?”

“सगळ्या आळीला.”