धातू

शब्दकोशाच्या कामात हयात घालवलेल्या कोशकारबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. तीन आठवड्यांनी डॉक्टर त्यांच्या खाटेपाशीच लेकीला म्हणाले, "आता यांचं चालणं विसरा."

बाईंनी डोळे वटारले. जीभ जड झाली होती, तरी एकेक अक्षर रेटत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, 'चालणे' हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?"

उत्तराची वाट न पाहता बाईंनीच सांगितलं,

"'चल्' या धातूपासून. मूळ अर्थ हलणे, थरथरणे. त्यात पायांचं नावसुद्धा नाही."

मग उजव्या हाताने चादर भिरकावून बाईंनी दातओठ खाल्ले. तीन आठवडे निपचित पडलेल्या डाव्या पायाचा अंगठा जेमतेम थरथरला.

लेक रडायलाच लागली. बाई धापा टाकत तिच्यावर खेकसल्या, "रडतेस काय? माझ्या चपला आण."