सावल्या शिवणारी म्हातारी

म्हातारीने सुई उगारली आणि कवळीवाला मुद्दाम उजवीकडे उडी मारून मेला.

मुद्दाम म्हणजे अगदी ठरवून. उजवीकडे भिंत आहे आणि तिथे गेलं की म्हातारी माणसाला भिंतीलाच टाचते, हे त्याला दीड महिन्यापूर्वीच कळलं होतं. पडदा काळा झाला. मदतीला आलेला मुंगळाही नियमाप्रमाणे आपल्या घरी गेला. कवळीवाल्याने पुन्हा घंटा वाजवली. मिनिटभरात मुंगळा परत हजर, कमरेत वाकून नमस्कारासकट.

खेळ होता एका काळ्याकुट्ट परीकथेचा. गावातल्या पोरांच्या सावल्या चोरून एक म्हातारी त्यांची गोधडी शिवते, आणि आपण जंगल, दलदल तुडवत जाऊन तिला संपवायचं. तिची सुई भाल्याएवढी. खेळ असा खाष्ट की पहिल्या डबक्यातला बेडूकसुद्धा माणसाला लोळवतो. नोकरीसाठी परगावी जाताना भाचीने आपलं खेळाचं यंत्र कवळीवाल्याकडे ठेवलं होतं. म्हणाली होती, "मामा, तेवढाच वेळ जाईल." वेळ कसला जातोय, पहिले दोन महिने मामाच जात होता, दर पाच मिनिटांनी!

कवळ्या करणं हा त्याचा धंदा. दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो प्लास्टरचे साचे आणि मेणात रोवलेले दात घेऊन दिवसभर बसायचा. साचे पुढून यायचे, कवळ्या पुढे जायच्या. शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसत होती, पण त्यातलं एकही कधी त्याच्यासमोर येऊन हसलं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. संध्याकाळी कुलूप काढलं की घर खायला उठायचं.

आणि मग हा मुंगळा भेटला. म्हातारीच्या दारात घंटा वाजवली की जगातला कुठलाही अनोळखी खेळाडू मदतीला येतो. बोलता येत नाही. वाकायचं, हात हलवायचा, बसायचं, मान खाली घालायची, बस्स. पडद्यावर नुसतं टोपणनाव दिसतं; याचं 'मुंगळा'. पहिल्या दिवशी मुंगळा आला तो योगायोगाने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी कवळीवाला दुपारपासून घड्याळाकडे बघू लागला. मुंगळा म्हणजे बाई की बुवा, म्हातारा की तरणा, देव जाणे. पण लढाईआधी तो दाराबाहेरच्या ओंडक्यावर बसायचा आणि कवळीवालाही त्याच्या शेजारी जाऊन टेकायचा. चांगली दहा-दहा मिनिटं. चार वर्षांत त्याच्या शेजारी इतका वेळ कोणी बसलं नव्हतं.

मेख एकच होती. म्हातारी मेली की खेळ संपणार आणि ती घंटा कायमची मुकी होणार. मग मुंगळा कुठला आणि कवळीवाला कुठला! म्हणून हा गडी रोज इमानेइतबारे हरत होता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत भाचीचा फोन आला.

"मामा, ती थेरडी अजून जिवंतच?"

"जमत नाही गं. हातच चालत नाहीत पूर्वीसारखे."

"आणि मदतीला येतो तो? ती मेल्याशिवाय त्याला काडीचंही बक्षीस मिळत नाही, माहितीये ना? दीड महिना बिचारा फुकट राबतोय तुझ्यासाठी. देवमाणूसच म्हणायचा!"

कवळीवाल्याने अर्धा डबा तसाच बंद केला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्या एकटेपणापायी आपण एका भल्या माणसाला घाण्याला जुंपलं! दुसरा कोणी असता तर आठवड्यात शिव्या घालून पसार झाला असता. दुपारभर कवळ्यांना झिलई करताना त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. शेवटी त्याने मनाशी ठरवलं. आज सोडवायचं बिचाऱ्याला.

सहाला मुंगळा आला, वाकला, ओंडक्यावर बसला. कवळीवाला आज जरा जास्तच वेळ बसून राहिला. मग उठला आणि दार ढकललं.

त्या संध्याकाळी तो खरा लढला. सुई आली की डावीकडे, पायांत घुसून दोन वार, लगेच मागे. गोधडीतल्या सावल्या किंचाळायला लागल्या. मुंगळा क्षणभर जागच्या जागीच उभा राहिला, हा कोण नवीनच माणूस आला म्हणून. म्हातारीच्या डोक्यावरची जिवाची लाल पट्टी निम्मी झाली, पाव झाली, नखाएवढी उरली. ती गुडघ्यांवर कोसळली. आता फक्त एक घाव. कवळीवाल्याला रडू आवरेना, पडदाही नीट दिसेना. त्याने तलवार खाली केली आणि मुंगळ्याला हात दाखवला. मार बाबा, तूच मार. तेवढा मान तुझा.

मुंगळ्याने कुऱ्हाड पाठीला अडकवली आणि कमरेची औषधाची बाटली काढली. या खेळात ते औषध ज्याच्या अंगावर पडेल त्याला लागू पडतं, मग तो आपला असो की शत्रू. जखमी कवळीवाला पुढे झाला. मुंगळा त्याला ओलांडून गेला आणि अख्खी बाटली त्याने म्हातारीच्या डोक्यावर रिकामी केली.

लाल पट्टी सरसर भरत गेली. मुंगळा कवळीवाल्याकडे वळला आणि चोरी पकडली गेल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला.