काठावरून हाक

"काका, माझी धाकटी लेक अफ्रीन खोल पाण्यात जाणार न्हाई! ऐकू येत न्हाई तिला, हाक कशी मारणार?" परवेज म्हणाला. त्याला मी तीर्थपुरीच्या विहिरीत काठावरून ओरडूनच पोहायला शिकवलं होतं. जालन्यातल्या त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावाचे पंप, पाण्यातले दिवे एका यंत्रणेवर चालत. पण बटणं मागच्या खोलीत, तिथून पाणी दिसत नसे. त्याच्या थोरल्या लेकीनं यंत्रणेला बिनतारी रिमोट जोडला. "आजोबा, आता काठावरूनच ओरडा!" ती म्हणाली. अफ्रीनला मी खुणांनी शिकवलं: दिवा लुकलुकला की वर यायचं. तिनं सूर मारला, परवेज काठावर ओणवा झाला. मी बटण दाबलं. पाणी उजळलं, विझलं, उजळलं. ती हसत वर आली. "वा गं इंजिनिअर!" मी थोरलीकडे बघून ओरडलो. अफ्रीननं माझ्या हातातला रिमोट घेऊन बापाला दिला आणि पुन्हा बुडी मारली. ती वर आली तरी परवेज बटण दाबतच होता.