शिकागो ते बालाघाट, व्हाया लालबर्रा

आईचे डोळे मिटण्याआधी शरदचंद्र शिकागोहून घरी पोचला, तर गुणाकररावांचा दुहेरी फायदा होता. त्यांच्या बायकोला, अहिल्याबाईंना, पोरगा दिसला असता. आणि ‘अमेरिकेतलं पोरगं फोटोतच येते’ म्हणणारा शेजारचा घनश्याम कायमचा गप्प झाला असता. दुसरा फायदा पहिल्यापेक्षा फार लहान नव्हता.

म्हणून ते तीन दिवस भिंतीवरच्या नकाशापुढे उभे होते. येईल त्याला सांगत होते, “शिकागो ते मुंबई आठ हजार मैल. लंडनले विमान बदलते. मुंबईहून नागपूर दीड तास. तिथं आपला तेजराम जीप घेऊन उभा हाय.”

“काकाजी, विमान तुमीच चालवून राह्यले का?” घनश्याम म्हणाला.

“हौ. तसंच समज.”

अर्धांगवायूनं अहिल्याबाईंची वाचा गेली होती. डोळे तेवढे दाराकडे लागलेले.

“पोराची वाट पाहून राह्यली,” गुणाकरराव सांगत. सगळ्यांना पटे.

चौथ्या दिवशी सकाळी जीप दारात थांबली. हिशेब तंतोतंत जुळला होता. शरदचंद्र उशाशी बसला. अहिल्याबाईंनी चालत्या हातानं त्याचा गाल कुरवाळला. मग डोळे पुन्हा दाराकडे गेले.

“आता कोणाची वाट पाहते ही?” गुणाकररावांनी विचारलं.

“मीनाताईची असेल,” शरदचंद्र म्हणाला.

मीनाक्षी थोरली लेक. लालबर्‍याला दिलेली. बसनं पाऊण तास.

“येताना दिसली ना मला,” तो पुढे म्हणाला. “तुमसरचा रस्ता उखडलाय म्हणून सिवनीवरून आलो. लालबर्‍यात अंगणात सडा टाकत होती. मला वाटलं, आईपाशी बसून बसून थकली, जरा घरी गेली असेल. थांबलो नाही. उशीर झाला असता.”

लालबर्‍याचा निरोप नेहमी बसच्या कंडक्टरजवळ दिला जाई. गुणाकररावांनी घनश्यामकडे पाहिलं.

“निरोप तू देल्ता ना?”

“मी? काकाजी, एवढ्या जवळची पोरगी. मले वाटलं, तिले तर तुमी सगळ्यात पहिले सांगतलं असन.”

तेजराम जीपकडे धावला. गुणाकरराव खाली बसले. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. या वेळी कोणी नकाशा पाहिला नाही. अहिल्याबाईंचे डोळे दाराकडेच होते. जीप परत आली तेव्हाही ते दाराकडेच होते, पण आता ते कोणाची वाट पाहत नव्हते.

मीनाक्षीच्या हातांना अजून शेणाचा वास होता.

“सकाळी एक जीप गेल्ती दारावरून,” ती म्हणाली. “लई धूळ उडवली. मी तोंडाले पदर लावला.”

विमानाचं तिकीट शरदचंद्रनं काढलं होतं, जीपचं भाडं गुणाकररावांनी दिलं. बाकीची सगळी किंमत मीनाक्षीनं मोजली.