कपाटावरचा सीपीयू

ऐक, मध्ये बोलू नकोस. विहंग आणि ओजस हे रूममेट. गावच्या दशावताराची नाटकं दोघांनी शूट करून निम्मी-निम्मी टॉरेंटवर टाकली, म्हणजे ज्याचा कॉम्प्युटर चालू असेल त्याच्याकडून लोकांना ती उतरवून घेता येतात. विहंगने लॅपटॉप मिटला की त्याचं टॉरेंट बंद. ओजसचा मात्र कपाटावर जुना सीपीयू, ना स्क्रीन ना कीबोर्ड, टॉरेंट आपलं आपण दिवसरात्र चालू.

ग्रुपवर गावचे काका लिहायचे, "ओजसा, तुझ्यामुळे नाटक बघूक गावला. विहंगाचा मेला अर्ध्यातच अडकता." विहंगचा नुसता जळफळाट.

एका रविवारी ओजस आंघोळीला गेला आणि विहंग लॅपटॉपवरून त्याच्या सीपीयूत शिरला. पासवर्ड ओजसनेच दिलेला. टॉरेंटची सर्व्हिस, म्हणजे आपोआप चालत राहणारा प्रोग्रॅम, बंद करायची कमांड त्याने टाइपही केली. तेवढ्यात यादीत दिसलं, ओजसच्या सर्व्हिसखाली दुसरी सर्व्हिस चालू आहे, नाव 'विहंग'. त्याची अडकलेली नाटकं ओजसने गुपचूप कालपासून तिथूनच पाठवायला घेतली होती.

खरं सांगू? त्याला ते आणखीच झोंबलं. बोट एन्टरवर, आणि बाथरूममधून ओजसची हाक, "विहंग्या, टॉवेल दे रे."

तू काय केलं असतंस?