हक्काने सांग

"ताप आलाय," एवढंच मी पोस्ट केलं आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी फोन टिंग करून वाजला. लगेच कमेंट आली. माझ्या प्रत्येक पोस्टला बदाम देणाऱ्या 'रानफूल' ताईंची. "काळजी घे रे भावा. काही लागलं तर हक्काने सांग!"

योगायोग तर नाही ना, हे बघायला मी "थँक यू ताई" लिहिलं आणि भिंतीला कान लावला. पुन्हा टिंग. दोन वर्षांची ओळख, आणि मध्ये एवढीशी भिंत! मला तापातही हसू आलं.

"ताई, तापाची एखादी गोळी द्याल का? मी तुमच्या शेजारच्याच खोलीत राहतो."

टिंग.

मी धडपडत उठून दार उघडून ठेवलं. पलीकडची पावलं त्यांच्या दाराशी आली, थांबली, आणि आतून कडी लागली.